एका दांताचा तिसरा जन्म

संस्कृतांत दांताला 'द्विज' म्हणतात. ब्राह्मण, पक्षी आणि दांत या तिघांनाही हा शब्द लागू पडतो, कारण तिघांचाही जन्म दोन वेळां होतो असें मानिलें आहे. दुधाचे दांत सहाव्या-सातव्या वर्षापासून पडूं लागतात, त्यांच्या जागीं कायमचे येतात, आणि तेही गेले म्हणजे शरीराची ही ठेव संपली. तिसऱ्या जन्माची तरतूद निसर्गानें केलेली नाहीं. ती माणसानें केली, आणि तीही जवळजवळ अपघातानेंच!

१९५२ सालीं स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडांत टिटॅनियम धातूचें उपकरण बसवून आंतील रक्ताभिसरण पाहत होते. काम आटोपल्यावर तें उपकरण काढूं गेले, तों तें निघेना. जिवंत हाडानें धातूला घट्ट मिठी मारिली होती. या निरीक्षणावरून पुढें १९६५ सालीं गोस्टा लार्सन नांवाच्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यांत टिटॅनियमचे स्क्रू बसविण्यांत आले, आणि ते त्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, टिकले. आज 'इम्प्लांट' म्हणून जें ओळखलें जातें, तें हेंच. पडलेल्या दांताच्या जागीं हाडांत सुमारें एक सेंटिमीटर लांबीचा स्क्रू बसवावयाचा, हाड त्याला धरीपर्यंत सामान्यतः तीन ते सहा महिने थांबावयाचें, आणि मग त्यावर दांताची कॅप चढवावयाची. ब्रिज करतांना शेजारचे दोन चांगले दांत घासावे लागतात. येथें त्यांना हात लावावा लागत नाहीं.

दारव्हा तालुक्यांतील आमच्या बोरी अरबसारख्या गांवींही आतां इम्प्लांटची गोष्ट ओसरीवर निघते. परंतु हा दांत कोणत्या वयांत बसवावा, आणि घरांतील कोणाला बसवावा, या दोन प्रश्नांविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज मुलांविषयीं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा पुढचा दांत खेळतांना पडला, कीं आईबापांना वाटतें, पैसे लागले तरी चालतील, पण कायमचा दांत आतांच बसवून टाकावा. हें होऊं शकत नाहीं. आपला दांत हाडांत एका नाजूक पडद्याच्या आधारें राहतो आणि जबडा वाढेल तसा तोही खालीं-वर सरकतो. इम्प्लांट मात्र हाडाशीं एकजीव झालेला. तो जागचा हलत नाहीं. जबडा वाढला, शेजारचे दांत पुढें निघून आले, म्हणजे हा एकटा मागें राहून आंखूड दिसूं लागतो. म्हणून वाढ पुरी होईपर्यंत थांबणें भाग असतें. येथें मुलगा व मुलगी यांत खरा भेद आहे. मुलींची वाढ बहुधा सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास पुरी होते. मुलांच्या बाबतींत विसावें-एकविसावें वर्ष उजाडावें लागतें. तरीही केवळ जन्मतारखेवर भरंवसा न ठेवतां दंतवैद्य कांहीं महिन्यांच्या अंतरानें क्ष-किरण चित्रें काढून ताडून पाहतात. कित्येक मुलींना वरच्या मोठ्या दोन दांतांशेजारचा दांत जन्मतःच नसतो. त्यांचें लग्न ठरण्याच्या घाईंत सोळाव्या वर्षीं इम्प्लांटचा हट्ट धरणाऱ्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं सोळाव्या वर्षीं लग्नही नको आणि इम्प्लांटही नको. तोंवर काढतां-घालतां येणारा दांत किंवा चिकटवून बसविलेला दांत पुरे होतो. (आणि अपघातानें कायमचा दांत मुळासकट पडलाच, तर मूळ न घासतां, तो दुधांत ठेवून तासाभराच्या आंत दंतवैद्याकडे धांव घ्यावी, तो पुन्हा बसण्याची आशा असते.)

दुसरा गैरसमज म्हाताऱ्यांविषयीं. 'आतां या वयांत काय करायचा आहे दांत?' हें वाक्य आपल्या घरांत आजोबांपेक्षां आजींच्या तोंडून अधिक ऐकूं येतें. वरच्या बाजूस वयाची मर्यादा अशी नाहीं. सत्तरीच्या माणसाचें हाडही टिटॅनियमला धरतें. अडथळा येतो तो बेताल मधुमेहाचा, तंबाखूचा, आणि हिरड्यांच्या जुन्या दुखण्याचा. पाळी गेल्यानंतर हाडें ठिसूळ झालेल्या स्त्रियांना कांहीं वेळां हाडांसाठीं गोळ्या किंवा इंजेक्शनें दिलीं जातात. त्यांतील कांहीं औषधांनीं जबड्याची जखम क्वचित् भरून येत नाहीं. म्हणून दांत काढण्यापूर्वींच तीं औषधें दंतवैद्यास दाखवावींत. गरोदरपणीं इम्प्लांट पुढें ढकलावा हें तर उघडच आहे.

इम्प्लांट टिकण्याच्या बाबतींत पुरुष आणि स्त्री यांत म्हणण्यासारखा फरक आढळत नाहीं. जबडा भेद करीत नाहीं; भेद करतें तें घर. विदर्भांत पुरुषांना खऱ्र्याचें व्यसन आणि कित्येक घरीं वडीलधाऱ्या बायकांना मिश्रीची संवय, दोहोंत तंबाखूच. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी आली, पण सुपारी-तंबाखू घोटण्याचें थांबलें नाहीं. सुपारीनें गाल आखडून तोंड दोन बोटेंही उघडेनासें झालें, म्हणजे इम्प्लांटचें हत्यार आंत जाणार कसें? असें असूनही दंतवैद्याकडे आधीं पुरुषच पोहोंचतो. सुनेची दाढ दुखली, तर लवंग धरावी, गोळी घ्यावी, आणि शेवटीं दाढ काढून मोकळें व्हावें. पुढें त्या रिकाम्या जागेचा विचार कोणी करीत नाहीं. 'बाळंतपणामागें एक दांत जायचाच' अशी समजूत तिच्या मदतीला तयार असते. वास्तविक पोटांतलें बाळ आईच्या दांतांतला चुना ओढून नेत नाहीं. गरोदरपणीं हिरड्या सुजतात, ओकाऱ्यांच्या आम्लानें दांत झिजतात, आणि त्यांकडे पाहावयास कोणाला सवड नसते.

वरचा दांत काढल्यास डोळा जातो, ही भीति मात्र अडाणीपणाची म्हणून हंसण्यावारी नेऊं नये. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत वरचा दांत हलत असला तरी काढूं नये, अतिरक्तस्रावानें अंधत्व व अर्दित होतें, असें सांगितलें आहे. बधिर करण्याचें इंजेक्शन व जंतुनाशकें नसलेल्या त्या काळीं हा सावधपणा समजण्यासारखा होता. दांताच्या मुळाचा आणि दृष्टीच्या नाडीचा संबंध नाहीं, हें आतां निश्चित आहे.

दांत काढल्यावर वर्षभरांत तेथील हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत झिजते, शेजारचे दांत कलतात, समोरचा दांत रिकाम्या जागेंत उतरतो. मग हाड भरण्याचा खर्च वाढतो. खासगी दवाखान्यांत एका इम्प्लांटला बहुधा वीस ते चाळीस हजार रुपये पडतात. नागपूरचें शासकीय दंत महाविद्यालय, सावंगी मेघे व अमरावती येथील दंत महाविद्यालयें हीं आम्हां यवतमाळकरांना त्यांतल्या त्यांत जवळचीं. फेऱ्या तीन-चार पडतात, आणि घरांतील बाईसाठीं त्या फेऱ्यांना सवड काढणें पैशांपेक्षां कठीण जातें. तारीख ठरवितांनाच तिच्याबरोबर कोण जाणार आणि त्या दिवशीं स्वयंपाक कोण करणार, हें ठरवून ठेवावें. एकदां बसविलेल्या दांताला कीड लागत नाहीं, पण त्याभोंवतालची हिरडी सडूं शकते. म्हणून दोन वेळां ब्रश, आणि वर्षांतून एकदां पुन्हा तपासणीला तीच एस. टी.