हृदयाचा पंप आणि पोटावरचे छिद्र

डॉक्टरी भाषा माझ्याजवळ नाही. पण यंत्रांशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे, त्या वाटेने हा विषय मांडतो.

थकलेल्या हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडलेला पंप रक्त मुख्य रोहिणीत ढकलतो. पंप छातीत, बॅटऱ्या कमरेला; दोहोंमधली केबल पोटाच्या कातडीतून बाहेर येते. सारी गोम या छिद्रात आहे. कातडी म्हणजे शरीराचा तट, आणि इथे पंप आहे तोवर तटाला खिंडार ठेवणे भाग आहे.

अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हृदयरोपणास अपात्र ठरलेले १२९ रोगी होते. नुसत्या औषधांवरचे वर्षाअखेर शेकडा २५ जगले, पंपावरचे ५२. पण पंपवाल्यांत जे दगावले, त्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रक्तात भिनलेला जंतुदोष हे होते! पुढचे पंप लहान झाले, निकालही पुष्कळ सुधारले. छिद्राची धास्ती मात्र गेलेली नाही.

कातडीखालचे मांस केबलच्या खरखरीत वेष्टनाला धरून वाढते आणि वाट बुजवते. पूर्वी हे वेष्टन थोडे बाहेरही राही व त्यात मळ साचे. आता खरखरीत भाग आत ठेवून बाहेर गुळगुळीत सिलिकोन ठेवतात. पण बॅटरीची पिशवी हातातून निसटली, केबल दाराच्या कडीत अडकली, की हिसक्यासरशी ते धरलेले मांस फाटते. जंतू केबलच्या कडेने आत सरकतात आणि तिच्यावर चिकट थर करून बसतात. त्या थरात औषध नीट पोचत नाही. पंप काही काट्यासारखा उपटून टाकता येत नाही. कित्येकांना मग औषध कायमचेच घ्यावे लागते.

म्हणून केबल पोटावर पट्टीने पक्की बांधायची. तळ्यात पोहणे, टबात बसणे वर्ज्य. ड्रेसिंगला हात धुऊन, तोंड झाकून, निर्जंतुक हातमोजे घालूनच बसायचे. जंतुनाशकाने पुसलेली जागा पूर्ण वाळू द्यायची. लाली, दुखरेपणा, पू किंवा ताप दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

आता माझ्या धंद्यातला प्रश्न. हे ड्रेसिंग करणार कोण? बहुधा घरची बायको, कामावरून आल्यावर, अपुऱ्या उजेडात. एक खाडा झाला की तिची मजुरी कापली जाते. तेव्हा हातमोजे, पट्ट्या आणि शिकवणीच्या दिवसांतली तिची भरपगारी रजा हा सारा खर्च पंपाच्या किमतीतच धरला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.