औषधाच्या चिठ्ठीत न मावणारे निदान

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात दम्याने धापणारा चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे चार वेळा आला. नेब्युलायझरने दर वेळी उतार पडे आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तोच त्रास उद्भवे. इनहेलर कसा द्यावा, हे आईला मी दोनदा समजावले. चौथ्या खेपेस ती सहज म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आजीकडे राहतो तेव्हा हा अगदी बरा असतो."

तेव्हा कुठे मी घराची चौकशी केली. घरकुल योजनेतील तळमजल्यावरची खोली, वरच्या मजल्याची फुटलेली सांडपाण्याची नळी, ओलीने काळवंडलेली भिंत आणि तिच्यालगत मुलाचे अंथरूण! हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता, ही खंत आजही वाटते.

ओल्या भिंतीवर बुरशी वाढते. तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे आत जातात आणि संवेदनक्षम बालकांच्या श्वासनलिकांना सूज आणतात. औषधाने सूज उतरते, कारण मात्र भिंतीवर तसेच राहते. क्षयाचेही असेच आहे. ऊन-वारा नसलेल्या खोलीत खोकल्यातून उडालेले जंतू तासन्‌तास तरंगत राहतात. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा २०१८ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात परस्परांना खेटून बांधलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे घरे बांधणाऱ्याच्या आराखड्यावर रहिवाशांचे आरोग्यही अवलंबून असते.

यावर उपाय शोधणाऱ्यांत एक बालरोगतज्ज्ञच अग्रभागी होते. बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधील डॉ. बॅरी झुकरमन यांनी १९९३ मध्ये आपल्या विभागाच्या जोडीला चक्क वकील आणला. घर राहण्यायोग्य ठेवणे मालकावर कायद्याने बंधनकारक होते. त्याची अंमलबजावणी करून घेणे मात्र औषधाच्या चिठ्ठीला शक्य नव्हते. पुढे अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी हा मार्ग अनुसरला.

असा दुवा कच्चा राहिला तर काय घडते, हे इंग्लंडने पाहिले. रॉचडेल येथे सामाजिक गृहसंस्थेच्या घरात राहणारा दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्काने हा मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायिक चौकशीत निघाला. आरोग्यसेविकेने गृहसंस्थेला आधीच सावध केले होते, तरी दुरुस्ती झाली नाही. त्यातून घडलेला कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. त्यानुसार तातडीचा धोका २४ तासांत दूर करणे आणि गंभीर ओल-बुरशीची तपासणी कामकाजाच्या १० दिवसांत करणे सामाजिक घरमालकांस बंधनकारक आहे.

माझ्या त्या बालरुग्णाच्या आईला मी संबंधित कार्यालयासाठी पत्र लिहून दिले. पहिल्या पत्राची दखल कोणी घेतली नाही. दुसऱ्या पत्रासोबत भिंतीचे छायाचित्र आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडल्या, तेव्हा अडीच महिन्यांनी नळी बदलली. पुढच्या पावसाळ्यात मुलगा एकदाच आला. इनहेलरही चालूच होता, त्यामुळे सारे श्रेय मी नळीला देणार नाही; परंतु तिच्याविना औषध अपुरे पडत होते, हे निश्चित.

व्यवसायबंधूंनो, आपल्याला घरे बांधता येत नाहीत. प्रश्न मात्र विचारता येतात. भिंतीला ओल आहे का? चुलीचा धूर कुठून बाहेर जातो? एका खोलीत किती जण झोपतात? उत्तरे केसपेपरवर नोंदवावीत. पत्रात केवळ आपले वैद्यकीय निरीक्षण लिहावे, आरोप करू नयेत. आपल्या संस्थेने अशा पत्राचा एक नमुना तयार करावा आणि गृहनिर्माण कार्यालयाशी वर्षातून दोनदा बैठक घ्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. एकट्या डॉक्टरचे पत्र फायलीत पडून राहू शकते. शंभर डॉक्टरांचे पत्र बाजूस सारणे तितके सोपे नाही.