समुद्र नसलेल्या जिल्ह्यातले बंदर

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. दुष्काळाचा, टँकरचा आणि ऊसतोड मजुरांचा जिल्हा हीच त्याची बाहेरच्या जगातली ओळख. त्यामुळे मासेमारी म्हटले, की इथल्या शाळकरी मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहते ते पाठ्यपुस्तकातले चित्र : निळे पाणी, शिडाची होडी आणि डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण. आठवडी बाजारात सुकट-बोंबलाचा वास दरवळतो, तेवढाच त्यांचा समुद्राशी संबंध. पण माजलगावच्या धरणाच्या काठीही पहाटे होड्या लागतात. ओली जाळी झटकली जातात, मासळी वजनकाट्यावर चढते, भावावरून घासाघीस होते. केजजवळच्या मांजरा धरणावर, गोदावरीकाठच्या गावांतही हेच चालते. याला कोणी बंदर म्हणत नाही. पण जिथे माणसे पाण्यातून आपली भाकरी काढून काठावर आणतात, त्या जागेला दुसरे काय म्हणायचे?

मुंबईतल्या मुलांना ससून डॉक दाखवायला नेतात, कोकणातल्या शाळांना तर बंदर अंगणातच असते. बीडच्या मुलांची सहल मात्र किल्ला, लेणी आणि देवस्थान यांपुढे सहसा जात नाही. ती या काठावर जायला हवी, आणि लवकर जायला हवी. त्याला कारण आहे.

नदीची माणसे

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. बीडकडून आलेली सिंदफणा तिला मंजरथला मिळते. या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला समाज म्हणजे भोई. पालखी वाहणे, पावसाळ्यात लोकांना नदीपार उतरवणे आणि मासे धरणे ही त्यांची परंपरागत कामे. पूल नव्हते तेव्हा बाळंतपणाला निघालेली लेक असो की बाजाराला निघालेला शेतकरी, भरलेल्या नदीपुढे सगळ्यांना त्यांचाच भरवसा होता.

गेवराई तालुक्यातले राक्षसभुवन इतिहासाच्या पुस्तकात आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी इथे निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजाम गोदावरी ओलांडून पलीकडे गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेच्या मागच्या भागासह अलीकडच्या तीरावर राहिला होता. मराठ्यांनी त्याला तिथेच गाठले आणि तो मारला गेला. मुले सनावळी पाठ करतात, पण ही लढाई मुळात श्रावणातल्या भरल्या नदीने ठरवली, हे त्यांना कोण सांगणार? काठावर उभे राहून, समोरचे पाणी दाखवत सांगितले, तर एका वाक्यात कळते.

नदी थांबली तेव्हा

या माणसांचे आयुष्य धरणांनी बदलले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी केली आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते पैठणच्या धरणाचे उद्‌घाटन झाले. जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातल्या गावाचे आहे. धरण आधी तिथे योजले होते. पुढे जागा बदलून पैठणला गेली, नाव मात्र तेच राहिले. याच प्रकल्पाचा दुसरा टप्पा म्हणजे 1987 साली पूर्ण झालेले सिंदफणेवरचे माजलगाव धरण. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी तिथे येऊन पडते.

धरण म्हटले की आपण शेतीचा हिशेब मांडतो. मासेमाराच्या दृष्टीने मात्र हा वेगळाच बदल होता. कमरेइतक्या, वाहत्या पाण्यात हाताने जाळे फेकणाऱ्या माणसापुढे एकाएकी खोल आणि थांबलेले पाणी आले. नदीत डोह कुठे आहे आणि मासा कोणत्या कपारीत बसतो, हे त्याला ठाऊक होते. जलाशयात ते सगळे पाण्याखाली गेले. वारा सुटला की लाटा उठू लागल्या. त्याला नव्या होड्या, लांबच लांब जाळी आणि नव्या वेळा शिकाव्या लागल्या. सुताची जाळी जाऊन नायलॉनची आली. पूर्वी प्रत्येकजण आपल्यापुरते मासे धरी. आता सहकारी संस्था, ठेका आणि व्यापारी आले. जी विद्या आपल्याला पुरातन वाटते तिचा मोठा भाग या माणसांनी एका पिढीत नव्याने उभा केला आहे.

माशांचाही प्रवास

मासेसुद्धा बदलले. आज काठावर तराजूत पडणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे प्रामुख्याने गंगेसारख्या उत्तरेकडच्या नद्यांतले. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बीज पुराच्या वेळी नद्यांतूनच गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने ओडिशात माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले आणि वाट मोकळी झाली. देशभर 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. आज हॅचरीत तयार झालेले मत्स्यजिरे बोटाएवढे वाढवतात. ही बोटुकली धरणात सोडली, की तेथील मासेमारी चालते.

विज्ञानाच्या शिक्षकांना यापेक्षा चांगला तास कुठे मिळेल? कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले, कारण तो पृष्ठभागाजवळचे खातो. रोहू मधल्या थरातला, मृगळ तळाशी चरणारा. एकाच पाण्यात तिघांची तीन घरे. तोंडाची ठेवण पाहून मुले स्वतःच ओळखतील. शेजारी पडलेला मरळ मात्र इथल्या नद्यांचा जुना रहिवासी. तो पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतो, म्हणून चिखलातही तग धरतो. त्याची पिल्ले लालसर पुंजक्याने पाण्यावर फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. हे प्राणिशास्त्राच्या पुस्तकात आहे आणि काठावरच्या अनुभवी मासेमाराच्या बोलण्यातही आहे. दोन्ही ज्ञाने एकाच वहीत यावीत, एवढीच अपेक्षा.

वहीत काय लिहायचे?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्यांनी गावातल्या कारागिरांकडून शिकावे, असे म्हटले आहे. सुतार, कुंभार, माळी यांच्या जोडीला मासेमार का नको? दहातला एक दिवस धरणाच्या काठाला द्यावा.

तिथे मुलांनी होडीत बसण्याचा हट्ट धरू नये, शिक्षकांनीही पुरवू नये. काठावर बघण्यासारखे पुष्कळ आहे. जाळ्याची आस किती बोटांची? बारीक आसेच्या जाळ्यात पिल्ले गेली तर पुढच्या वर्षी काय उरते? वारा बदलणार हे कशावरून ओळखतात? पहिल्या पावसात चढणीला लागलेले मासे का धरू नयेत? पकड किती, ठेकेदाराचा भाव किती, बाजारातला किती, आणि मधले पैसे कुठे जातात? गणिताचा याहून खरा प्रश्न कुठल्या पुस्तकात नाही. मासळी विकणाऱ्या बायकांशीही बोलावे. भावाचे गणित त्या बोटांवर करतात.

आणि एक काम भाषेचे. पाण्यात राहून माशाशी वैर, गळाला लागणे, जाळ्यात सापडणे यांचे अर्थ मुले परीक्षेत लिहितात. गळ मात्र पुष्कळांनी पाहिलेला नसतो. जाळ्याच्या प्रत्येक भागाला, होडीच्या प्रत्येक फळीला, पाण्याच्या प्रत्येक रंगाला काठावर नाव आहे. ती नावे उतरवून घ्यावीत, ज्याने सांगितली त्याच्या उच्चारासकट.

घाई का, ते इथे येते. 1976 साली जो विशीत होता तो आज सत्तरीत आहे. वाहत्या गोदावरीत आणि सिंदफणेत मासेमारी केलेली ही शेवटची पिढी. धरणाआधीची नदी कशी होती, हे सांगू शकणारी माणसे थोडी उरली आहेत आणि त्यांच्याजवळचे काहीही कुठे लिहिलेले नाही.

पाणी आटते तेव्हा

या सहलीत केवळ कौतुक नको. 2016 साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीची चित्रे देशभर झळकली. त्याच कोरड्या तळावर ज्यांच्या होड्या उताण्या पडल्या होत्या, त्यांची चर्चा फारशी झाली नाही. शेतकऱ्याचे पीक बुडाले तर पंचनामा होतो. मासेमाराचे पीक पाण्याखाली असते, ते कोणी मोजलेले नसते. 2025 साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला. तो काठावर किती पोहोचला, हाही मुलांनी विचारावा असा प्रश्न आहे.

या घरांतली मुले शिकून दुसऱ्या कामाला गेली तर त्यात वावगे काही नाही. पाण्यावरचे कष्ट आणि धोका ज्याने भोगला त्याला मुलाने जाळे धरावे असा आग्रह करायचा अधिकार आपल्याला नाही. पण धंदा सोडणे वेगळे आणि त्याची लाज वाटणे वेगळे. वर्गात वडिलांचा व्यवसाय विचारला, की काही मुले हळू आवाजात ‘मजुरी’ म्हणतात. त्याच वर्गाची सहल एके दिवशी त्याच्या वडिलांसमोर वही उघडून बसली, मुख्याध्यापकांनी त्यांना ‘तुम्ही सांगा, आम्ही लिहितो’ म्हटले, तर पुढच्या वेळी ते मूल आपल्या बापाचा व्यवसाय मोठ्याने सांगेल. एवढ्यासाठी तरी बीडच्या शाळांनी एकदा आपल्या या बंदरावर जाऊन यावे.