कृष्णाकाठची परसबाग (भाग ९) : मुळांना हवा हवी

संध्याकाळी कामावरून घरी यावं आणि अंगणातला गुलाब मान टाकून उभा दिसावा, की हात आपसूक नळाकडे जातो. सांगली, मिरज, तासगाव, कराड या पट्ट्यातल्या काळ्या मातीत मात्र तो हात आधी मातीत जायला हवा. चार बोटं खाली माती ओली लागली आणि तरीही पान मलूल असेल, तर झाड तहानलेलं नाही. त्याची मुळं गुदमरली आहेत. अशा वेळी दिलेली बादलीभर पाण्याची माया झाडाला संपवते. कृष्णाकाठच्या परसबागांत तहानेनं मेलेल्या झाडांपेक्षा पाण्यानं मेलेली झाडं जास्त असतात, आणि ती मरताना तहानलेल्या झाडासारखीच दिसतात. घोटाळा होतो तो इथेच.

मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असेल तर त्या हवेतला प्राणवायू घेऊन ती ऊर्जा तयार करतात आणि त्या ऊर्जेवर अन्नद्रव्यं आत ओढतात. पोकळ्या पाण्यानं भरून राहिल्या, की हवा संपते. मुळांचं काम थांबतं, पाणी आजूबाजूला असूनही वर चढत नाही आणि पानं लोंबतात. थोड्याच दिवसांत बुरशीला मोकळं रान मिळतं.

खात्री करायची असेल तर कुंडीतला गोळा अलगद बाहेर काढून पाहावा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट बदामी असतं, चिमटीत ताठ लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं दिसतं आणि बोटांत धरून ओढलं, की वरची साल मोज्यासारखी निघून येते, हातात राहतो तो आतला दोरा. मातीला नासक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आत बरेच दिवस हवा पोचलेली नाही, हे नक्की. असं झाड सावलीत हलवावं, कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीनं छाटावीत, शेंडाही थोडा कमी करावा आणि कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात पुन्हा लावावं. नवी फूट दिसेपर्यंत खताचा कणही देऊ नये. आजारी मुळांना खत सोसत नाही.

हा प्रश्न सातारा-सांगलीत इतका टोकाचा का, याचं उत्तर नदीच्या वाटेवर मिळतं. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जांभ्यावरची तांबडी माती ते पाणी झरझर खाली सोडते. वाई, माहुली, कराड करत नदी सांगलीला येते, तोवर पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास उतरलेला असतो आणि माती झालेली असते काळी, खोल, चिकट. आणखी पूर्वेला माण, खटाव, आटपाडीकडे जावं तर पाऊस त्याहून कमी आणि जमीन हलकी, मुरमाड. दोन जिल्ह्यांत तीन वेगळे स्वभाव. महाबळेश्वरच्या माणसानं सांगितलेलं पाण्याचं वेळापत्रक मिरजेत चालणार नाही, हे पाऊस-मातीनंच ठरवलेलं आहे.

काळ्या मातीतले चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्यात बारीक मुळं तुटतात. पावसाळ्यात तीच माती फुगून बंद होते आणि पाणी खाली जायला वाट राहत नाही. ही माती पाणी आणि अन्न धरून ठेवण्यात वाघ आहे. तिला पाणी कमी वेळा लागतं, आणि हे मान्य करायला माणसं तयार नसतात.

शेतानं हा धडा फार महाग घेतला आहे. कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला. पुढे नदीकाठानं उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या, ऊस वाढला, आणि पाटानं सोडलेलं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरत राहिलं. निचरा नसल्यानं भूजल वर आलं. पाण्याबरोबर क्षारही वर आले. पाण्याची वाफ झाली, क्षार मात्र वरच राहिले. वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांत एकेकाळच्या सोन्यासारख्या जमिनींवर पांढरं मीठ फुललं आणि ऊस उगवेनासा झाला. आज तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून साचलेलं खारं पाणी बाहेर काढलं जातं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं या क्षारपड जमिनींवर बरंच काम केलं आहे. जमीन बिघडायला लागला तो फक्त पाट. ती सुधारायला खोदकाम, पाइप आणि मोठा खर्च लागतो.

कुंडीत हेच घडतं, फक्त वेगानं. बोअरच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार आहेत असं धरू. रोज दोन लिटर पाणी दिलं आणि खालून काहीच वाहून गेलं नाही, तर महिन्याला साठ ग्रॅम क्षार त्या मूठभर मातीत जमा होतात. कुंडीच्या काठावर आणि मातीवर दिसणारा पांढरा थर म्हणजे हाच साठा. त्यानंतर पानांच्या कडा करपायला लागतात, आधी जुन्या पानांच्या. अनेक जण ती उन्हाची झळ समजून पाणी वाढवतात. घरातल्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालणारेही पुष्कळ. पाणी वाचवण्याची ही कळकळ खरी आहे, पण त्या पाण्यात मूळच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त दाटलेले असतात. ते फरशी धुवायला वापरावं, कुंडीला रोज तर नकोच.

उपाय सोपा आहे आणि सध्याच्या पावसाच्या दिवसांत फुकट आहे. कुंड्या गॅलरीच्या छताखालून काढून उघड्या पावसात ठेवाव्यात. खालच्या ताटल्या काढून टाकाव्यात. दोन-तीन दमदार सरींत क्षार धुऊन जातात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून ते भोकातून वाहू द्यावं आणि मग माती वरून सुकेपर्यंत हात आवरावा.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे भरले की निचरा वाढतो, हा समज मोडायला हवा. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळालाच अडकतं. तुकड्यांनी जागा खाल्ल्यामुळे हा ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे. बाकी सगळी कुंडी चांगल्या मिश्रणानं भरावी: एक भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचं तूस किंवा नारळाचा भुसा. साखर कारखान्यांच्या या मुलखात मळीचं खत सहज मिळतं. ते पूर्ण कुजलेलं आणि गार झालेलं असेल तरच वापरावं, ताज्या मळीच्या उष्णतेनं मुळं भाजतात.

जमिनीत झाड लावताना काळ्या मातीत आणखी एक फसगत होते. दोन फुटांचा खड्डा खणून त्यात मऊ माती-खत भरलं, की पहिल्याच पावसात आजूबाजूचं पाणी त्या मऊ जागेत येऊन साचतं आणि खड्ड्याचं तळं होतं. खड्डा खणण्याआधी तपासून पाहावं. फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरावा, ते जिरू द्यावं, पुन्हा भरावा आणि तासात पातळी किती उतरते ते पट्टीनं मोजावं. इंचभरही उतरत नसेल तर त्या जागी खड्ड्यात नव्हे, वीतभर उंच गादीवाफ्यावर किंवा मातीच्या बोडावर झाड लावावं. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थोड्या वाळूनं ती माती उलट घट्ट बसते. तिला मोकळं करतं ते सेंद्रिय खत, दर वर्षी घातलेलं. वरून उसाच्या पाचटाचं आच्छादन दिलं तर भेगा पडत नाहीत, मात्र पाचटाखाली ओल टिकते, हे लक्षात ठेवून पाण्याच्या पाळ्या कमी कराव्यात.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाचा गोळाही बघून घ्यावा. आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून येणारी पुष्कळ रोपं चिकट मातीच्या टणक गोळ्यात असतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत बसवला तर मुळं बाहेर पडतच नाहीत. गोळा बादलीभर पाण्यात भिजवून बाहेरची माती बोटांनी सैल करावी, गुंडाळी झालेली मुळं सोडवावीत आणि मगच लावावं.

जमीन नुसती खारवट आहे की चोपण, हे घरी ढोबळपणे कळू शकतं. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्यावं, त्यात मातीचं वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ न हलवता सोडावं आणि काही तास तसंच ठेवावं. ढेकूळ विरघळून खाली बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर चिंता कमी. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरून पाणी गढूळच राहिलं, तर मातीत सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे. अशा चोपण मातीला जिप्सम लागतं. किती, ते माती परीक्षणानंच ठरवावं. अहवालात सामू ८.५ च्या वर असेल तर चोपणाकडे, आणि विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर क्षारांकडे लक्ष द्यायचं. नुसत्या खारवट जमिनीवर जिप्समचा खर्च करण्याची गरज नसते, तिला गोडं पाणी आणि निचरा हवा.

सातारा जिल्ह्याची दोन मानाची पिकं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. क्षार सहन करण्याच्या बाबतीत मात्र स्ट्रॉबेरी आणि घेवडा ही सगळ्यांत नाजूक पिकांपैकी आहेत. म्हणून सांगलीत बोअरच्या पाण्यावर गच्चीतली स्ट्रॉबेरी रुसते, त्यात माळ्याचा दोष नसतो. तिला साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं, नाहीतर तिचा नाद सोडावा. गुलाब, लिंबू, गाजर, कांदा हेही क्षारांना कचरतात. चिकू, नारळ, बोर, कण्हेर, बोगनवेल, पालक, बीट यांचं बरं निभतं.

द्राक्षबागायतदार या बाबतीत सगळ्यांच्या पुढे गेले. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ ही जात निवडली, तेव्हा लक्ष घड आणि मण्यावर होतं. पुढे जमिनी आणि पाणी खारावत गेलं तसं लक्ष जमिनीखाली वळलं आणि डॉगरीज या काटक खुंटावर कलमं बांधण्याची पद्धत रुळली. वर हवी ती जात, खाली माती सोसणारं मूळ. परसबागेतही चांगल्या रोपवाटिकेत झाड कुठल्या खुंटावर बांधलं आहे, हे विचारायला हवं. आटपाडीचं डाळिंब मुरमाड रानात फुलतं, कारण पाणी मुळाशी थांबत नाही. तिथले शेतकरी बहार धरायचा तेव्हा पाणी तोडून झाडाला ताण देतात. तेच डाळिंब शहरातल्या काळ्या मातीत खोलात लावलं, की पाच-सात वर्षांनी ऐन भरात मर लागून जातं.

आता अंगणातल्या हळदीकडे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले गड्डे आता चांगले फुटले असतील. सांगलीची हळद २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनाची धनी झाली, कसबे डिग्रजच्या केंद्रानं ‘फुले स्वरूपा’सारखी जात दिली. पण घरच्या चार रोपांना जातीइतकाच निचरा महत्त्वाचा. पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या, बुंधा मऊ झाला आणि हलकेच ओढल्यावर फुटवा हातात आला, तर ती कंदकूज. ते रोप मातीसकट काढून बागेबाहेर टाकावं, उरलेल्यांभोवती चर काढून पाण्याला वाट करून द्यावी, ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत बुडाशी द्यावं. लावणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी भरणी करावी, उघडे पडलेले कंद मातीनं झाकावेत. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची. २००५ च्या पुरानं त्यातली अनेक पेवं नेली.

पुराचा विषय निघालाच आहे, आणि दिवसही तेच आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा नदीकाठच्या हजारो बागा दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर आठवडाभर झाडाला खत, औषध, छाटणी काही करू नये. पहिलं काम गाळाचं. खोडाभोवतीचा गाळ मूळच्या जमिनीच्या पातळीपर्यंत खरवडून काढावा, कारण बोटभर चिकट गाळही मुळांचा श्वास बंद करतो. माती पायाखाली दबते, म्हणून ओल्या वाफ्यात चालू नये. वरची माती वाफशावर आली की खुरप्यानं हलकी चाळवावी. कडेनं चर काढावा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या पालेभाज्या खाऊ नयेत, ते पाणी गटारांतूनही आलेलं असतं. पेरू, चिकू, नारळ बहुधा सावरतात. पपई क्वचितच सावरते, तिच्या जागी नवं रोप उंच बोडावर लावणं बरं. मोठ्या झाडाची पानं गळाली म्हणून ते घाईनं तोडू नये. साल नखानं खरवडली आणि आत हिरवं दिसलं, तर दिवाळीपर्यंत वाट पाहावी.

(पुढच्या आठवड्यात : पानांवर पडणारा केवडा, लोहाची कमतरता आणि हिराकस कधी व कसं द्यावं)