दोन पांढऱ्या रेषांमधली जागा

लंडनमध्ये मी सायकलने ऑफिसला जाते, असं पुण्यात कुणाला सांगितलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक म्हणजे, "का गं, गाडी परवडत नाही का तिकडे?" आणि दुसरी, "मज्जा आहे बुवा. तिकडे शिस्त असते, कुणी अंगावर येत नाही." पहिलीवर मी हसून विषय बदलते. दुसरीचं उत्तर मात्र गेल्या नोव्हेंबरपासून डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहायला बसले.

आम्ही दक्षिण लंडनमधल्या टूटिंगला राहतो. तिथून थेम्स नदीवरच्या सदर्क पुलापर्यंत 'सायकल सुपरहायवे ७' जातो. नाव भारदस्त असलं, तरी २०१० मध्ये तो सुरू झाला तेव्हा बराचसा नुसता निळा रंग फासलेला पट्टा होता. आता काही ठिकाणी खांब लावून सायकलींना वेगळी वाट करून दिली आहे, पण बाकीच्या रस्त्यावर बस, ट्रक, मोटारी, मोटारसायकली आणि आम्ही सगळे एकत्रच. बाल्हम, क्लॅपहॅम, स्टॉकवेल, ओव्हल असा साधारण १० किलोमीटरचा प्रवास. ओव्हल म्हणजे तेच, जिथे १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. बाबांना माझ्या रोजच्या रस्त्यात ओव्हल लागतं, याचं सायकलीपेक्षा जास्त कौतुक.

या रस्त्यावर बहुतेक सिग्नलला एक पांढरी रेषा नसते, दोन असतात. पहिल्या रेषेवर मोटारी, ट्रक आणि बस थांबतात. तिच्यापुढे साधारण एक मोटार मावेल एवढी जागा सोडून दुसरी रेषा असते. मधल्या चौकटीत रस्त्यावर सायकलचं मोठं चित्र काढलेलं असतं. ही जागा सायकलवाल्यांची. लाल दिवा असताना डावीकडच्या अरुंद पट्ट्यातून पुढे जायचं आणि सगळ्यांच्या नजरेसमोर, चौकटीत उभं राहायचं.

सायकलवाल्यांचे लाड करायला ही जागा ठेवलेली नाही. इथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते. डावीकडे वळणारा ट्रक आणि त्याच्या डाव्या अंगाला अडकलेली सायकल, हा शहरातल्या जीवघेण्या अपघातांचा अगदी ओळखीचा प्रकार आहे. ट्रकची केबिन उंच असते. दारालगत, खाली उभी असलेली सायकल ड्रायव्हरला दिसतच नाही. शिवाय ट्रक वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती कोपरा कापत आत येतात. म्हणजे ट्रकचं नाक आपल्यापुढून गेलं, आता सुटलो, असं वाटतं, त्यानंतर खरा धोका येतो. लंडनमध्ये आता १२ टनांवरच्या ट्रकना, केबिनमधून ड्रायव्हरला किती दिसतं ते तपासून परवाना देतात. तरीही सगळ्यात साधा उपाय हाच, की सायकलवाला शेजारी नको, समोर हवा. चौकट त्यासाठी आहे.

तर त्या संध्याकाळी झालं असं. साडेसहा वाजले होते. नोव्हेंबरमध्ये इथे साडेचारलाच अंधार पडतो, त्यात रिमझिम पाऊस. ओव्हल मागे टाकून स्टॉकवेलच्या दिशेने येत होते. पुढचा सिग्नल लाल झाला, गाड्या थांबल्या, आणि मी सवयीने डावीकडच्या पट्ट्यातून पुढे निघाले. पुढे पोहोचल्यावर कळलं की चौकट भरली आहे. चार मोटारसायकली आडव्यातिडव्या उभ्या, त्यातल्या दोघींच्या पाठीवर खाण्याच्या पार्सलचे चौकोनी खोके. पुढे जायला जागा नाही. मागे आणखी एक सायकलवाला येऊन उभा राहिला, म्हणजे मागेही जाता येईना. आणि माझ्या उजव्या खांद्याशी खडी वाहणाऱ्या ट्रकचं पुढचं चाक.

इथे हिरव्याच्या आधी लाल आणि पिवळा असे दोन दिवे दोन सेकंद एकत्र लागतात. निघायची तयारी करा, एवढाच त्याचा अर्थ. चारही मोटारसायकली तेवढ्यात सुटल्या. मी पेडलवर पाय ठेवतेय, तोवर ट्रकही निघाला आणि डावीकडे वळायला लागला. त्याने इंडिकेटर दिला असेलही, पण मी इतकी शेजारी होते की मला तो दिसणं शक्यच नव्हतं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण मराठीत ओरडले. मग सायकलसकट फुटपाथवर अंग टाकलं. पूर्वी अशा कोपऱ्यांवर लोखंडी रेलिंग असायचं, तिथलं ते काढून टाकलेलं होतं. ते असतं तर हा लेख मी लिहिला नसता. ट्रकचं मागचं चाक फुटपाथच्या कडेला घासत गेलं. ट्रक थांबला नाही. त्याला कळलंच नसणार.

गुडघा फुटला होता, हात थरथरत होते. मागच्या सायकलवाल्याने मला उठवून बसवलं. तेवढ्यात त्या चार मोटारसायकलींपैकी एक वळसा घालून परत आली. आरशात त्याने मला पडताना पाहिलं होतं. हेल्मेट काढलं तर आतून पंचविशीचा पोरगा निघाला. गाडीला शिकाऊ चालकाची लाल 'एल'ची पाटी. आधी इंग्रजीत विचारलं, मग माझ्याकडे बघून थेट हिंदीत, "आंटी, लगा क्या?"

माझा सगळा राग त्याच्यावर निघाला. ती जागा सायकलींची आहे, चित्र दिसत नाही का, तुझ्यामुळे आज मी मेले असते, वगैरे वगैरे. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "सब उधरिच ठहरते आंटी, मैं समझा टू-व्हीलर का है." आणि थोड्या वेळाने, हळूच, "ट्रक के सामने से हटके मैं किधर ठहरूं, बोलो?" पोरगा हैदराबादचा होता.

मी गप्प बसले. कारण त्याच्या प्रश्नात तथ्य होतं. इथे मोटारसायकलीला थांबलेल्या गाड्यांच्या मधून वाट काढत पुढे जायला कायद्याने परवानगी आहे. लंडनच्या मुख्य रस्त्यांवर बसच्या लेनमधूनही तिला जाता येतं. २००९ मध्ये ते प्रयोग म्हणून सुरू झालं आणि २०१२ पासून कायमचं झालं. म्हणजे आम्ही दोघं बहुतेक वेळा एकाच वाटेने, एकाच वेळी सिग्नलपर्यंत पोहोचतो. तिथे पोहोचल्यावर कायदा मला म्हणतो, ये, पुढे उभी राहा. आणि त्याला म्हणतो, पहिल्या रेषेमागे थांब. पण तिथे तर आधीच मोटार उभी असते! दिवा लाल असताना चौकटीत शिरलं तर १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, हा नियम पक्का आहे. मात्र पोलिसाने बघितलं तर. एक दिवसाचं प्राथमिक प्रशिक्षण घेऊन, लेखी परीक्षा न देताही, 'एल'ची पाटी लावून छोटी मोटारसायकल चालवता येते. त्या एका दिवसात चौकटीबद्दल सांगितलेलं त्याच्या किती लक्षात राहणार? पुढचं तो बाकीच्यांचं बघून शिकला.

मीही तशीच शिकले होते. १९९६ साली, पुण्यात. तोंडाला स्कार्फ गुंडाळून कायनेटिक होंडावर कॉलेजला जायचे. सिग्नलला थांबायचं म्हणजे झेब्रा क्रॉसिंग ओलांडून थांबायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, सगळेच तसे थांबायचे. फटीतून गाडी घालायची, पुढचं चाक आधी नेऊन ठेवायचं, पलीकडचा दिवा पिवळा झाला की अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा. मध्ये एखादा सायकलवाला आला की हॉर्न. 'सायकलींचं शहर' म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातून सायकल हद्दपार झाली, त्यात माझाही हातभार आहे.

बाबा त्या वेळी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसब्यातून रोज सायकलने जायचे, शिवाजीनगर, वाकडेवाडी करत. डबा कॅरिअरला. त्याच वर्षी पावसाळ्यात संचेतीच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, मागून दुचाक्यांचा लोंढा सुटला, आणि कुणाच्या तरी हँडलचा धक्का बाबांच्या हँडलला लागला. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बाबा पुन्हा सायकलवर बसले नाहीत. पीएमटीने जायला लागले. सायकल वाड्याच्या बोळात भिंतीला टेकून गंजत राहिली. धक्का देणारा थांबला नव्हता. मी तेव्हा त्याला घरी बसून खूप शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले ती त्याच्यासारखीच गाडी चालवत. बाबा एवढंच म्हणाले होते, "त्याला मी दिसलोच नसेन. पुढं जायची घाई असली की शेजारचा दिसत नाही." ते वाक्य मला त्या फुटपाथवर बसल्या बसल्या आठवलं.

मग मी त्या पोराला जे सांगितलं, तेच इथे लिहिते. मोटारसायकलही उघडीच असते. आपटल्यावर लोखंड नाही, हाडं मोडतात, हे तुझं खरं. ट्रकसमोर तू आणि मी सारखेच. पण दिवा हिरवा झाल्यावर आपण सारखे राहत नाही. तू दोन सेकंदांत चौक ओलांडतोस. मला पेडल मारून तोल सावरेपर्यंतच तेवढा वेळ जातो. म्हणून तू एक मोटार मागे थांबलास तरी तुझं फारसं काही जात नाही. मी एक मोटार मागे अडकले, तर ट्रकच्या पोटाशी अडकते. इथल्या 'हायवे कोड'मध्ये २०२२ पासून हेच तत्त्व स्पष्ट लिहिलं आहे, की ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर जबाबदारी जास्त. ट्रकची मोटारीपेक्षा, मोटारसायकलची सायकलपेक्षा. आणि हो, सायकलवाल्याची पायी चालणाऱ्यापेक्षा.

हे शेवटचं आम्हालाही लागू आहे. दुसरी रेषा ओलांडून झेब्रावर उभे राहणारे, लाल दिवा तोडून सुळकन निघून जाणारे सायकलवाले मी रोज बघते. लाल दिवा तोडला तर सायकललाही ५० पौंड दंड आहे. आम्ही असे वागलो, तर मोटारसायकलवाल्याला "चित्र दिसत नाही का" असं कुठल्या तोंडाने विचारायचं?

मोटारसायकलींना वेगळी जागा द्या, असंही काहींचं म्हणणं असतं. बार्सिलोनाला गेलो होतो तेव्हा सिग्नलला मोटारसायकलींसाठी आखलेल्या अशाच चौकटी बघितल्या. तैवानमध्येही स्कूटरना सिग्नलपुढे स्वतंत्र चौकट असते. जिथे दुचाक्या भरपूर, तिथे ते शहाणपणाचंच आहे. पण सायकलींची छोटीशी चौकट दोघांनी वाटून घ्यायची, तर मोठा आधी पोहोचणार आणि छोटा बाहेर राहणार. त्या संध्याकाळी तेच झालं.

मी स्वतःचीही एक सवय बदलली. चौकट भरलेली दिसली, की आता डाव्या पट्ट्यातून पुढे घुसत नाही. मागे, मोटारींच्या रांगेतच, लेनच्या मधोमध उभी राहते. 'हायवे कोड' तशी मुभा देतो. मागचा कधीकधी हॉर्न वाजवतो, वाजवू दे. आणि ट्रक असेल तर त्याच्या डाव्या अंगाला मुळीच जात नाही. पट्टा रंगवलेला आहे म्हणजे तिथून जायलाच हवं, असं थोडंच आहे?

या जानेवारीत पुण्याला गेले होते. भाच्याची अ‍ॅक्टिव्हा घेऊन भाजी आणायला निघाले. सिग्नलला रेषेच्या मागे थांबले, तर मागून हॉर्नचा गजर. एक काका शेजारून पुढे जाताना म्हणाले, "मॅडम, झोपलात काय?" पण माझ्यापुढे जी वीतभर जागा मोकळी राहिली होती, तिच्यात एक दूधवाला सायकल घेऊन आला, पाय टेकून उभा राहिला, आणि हिरवा झाल्यावर सावकाश तोल सावरत निघाला. मी तेवढी दोन सेकंदं थांबले.

घरी येऊन बाबांना सांगितलं. चौऱ्याऐंशीचे आहेत आता, कमी ऐकू येतं. पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "आणि तो हैदराबादचा पोरगा? तो थांबतो का आता रेषेमागं?"

माहीत नाही, म्हटलं. पण परत तरी आला होता.

"हां," बाबा म्हणाले, "मग थांबत असेल."