पावसाळ्यांत अडून बसणारी जुनी मोटारसायकल

खोपोलीच्या वीजगृहांतून १९१५ सालीं मुंबईस वीज जाऊं लागली व भिवपुरीचें वीजगृह १९२२ सालीं सुरू झालें. अशा ह्या खालापूर-कर्जत तालुक्यांत आषाढ लागला कीं कित्येक शेतकरी बंधूंची जुनी मोटारसायकल एका लहानशा ठिणगीवांचून पडवींत अडून बसते. गतवर्षीं आमचीही बसली. राबांतील रोपें उपटून झालीं होतीं, लावणीचीं माणसें बांधावर खोळंबलीं होतीं, आणि खताचें पोतें खोपोलीच्या बाजारांत! मिस्त्री म्हणाले, बॅटरी व कॉइल दोन्ही नवीं घाला. खर्चाचा आंकडा ऐकून आम्हीं एक तास मागून घेतला.

बुलेट, राजदूत, येझ्दी अशा जुन्या गाड्यांपैकीं ज्यांत बॅटरी, कॉइल व पॉइंट ह्यांच्या योगें ठिणगी पडते, त्यांनाच पुढील विवेचन लागू आहे. येझ्दीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद झाला. तेव्हां भाग बदलण्यापूर्वीं असलेल्याची परीक्षा करणें बरें.

प्रथम प्लग काढून त्याच्या टोपींत बसवावा, त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवून ठेवावें व किक मारावी. प्लगच्या भोकापासून तो दूर असावा. तेथून येणारी पेट्रोलची वाफ पेट घेते. ठिणगी निळी व जोरकस पडल्यास विजेचा दोष नाहीं, कार्बुरेटरकडे वळावें. राजदूत-येझ्दींत पेट्रोलमध्यें ऑइल मिसळलेलें असल्यानें प्लगच पुष्कळदां काजळतो.

ठिणगी पिवळट व मलूल असेल तर पॉइंट पाहावे. आमच्याकडील पावसांत झांकणाच्या आंत दमट हवा कोंडते, पॉइंटांवर करडा थर चढतो व प्रवाह अडतो. चावी बंद करून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. मग पेट्रोलांत भिजविलेला जाड कागद मधून ओढून घ्यावा. कागदाचा एक तंतु मागें राहिला तरी ठिणगी बुडते! पॉइंट पूर्ण उघडले असतां फट ०.३५ ते ०.४० मिलीमीटर असावी. ती फिलर गेजनेंच मोजावी, नजरेच्या अंदाजावर जाऊं नये. एवढें करूनही पॉइंटांवर मोठा लखलखाट होत असेल तर कंडेन्सर गेला असें समजावें.

बुलेटवरील अ‍ॅमीटर पुष्कळांस शोभेचा वाटतो. दिवे बंद ठेवून चावी द्यावी व किक सावकाश दाबावी. पॉइंट मिटतात तेव्हां कांटा उणे बाजूस झुकतो, उघडतात तेव्हां शून्यावर येतो. तो हललाच नाहीं तर मार्ग कोठें तरी तुटला आहे; झुकून तसाच राहिला तर पॉइंट उघडत नाहींत, अथवा कंडेन्सर शॉर्ट आहे.

आमच्या बॅटरीच्या टोकांवर मीटरनें ६.३ व्होल्ट दाखविले, म्हणजे ती भरलेली. पॉइंट मिटलेले असतां कॉइलपाशीं मात्र ५ सुद्धां नव्हते. सहा व्होल्टच्या गाडीस तितक्याच कामासाठीं बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून सांध्यावरील गंज तिला फारच जाचतो. शोधतां शोधतां सीटखालीं, सांगाड्यास अर्थिंगची तार जोडणारा बोल्ट तांबेरलेला सांपडला. कानशीनें घांसून, आंवळून, वरून ग्रीस लावल्यावर तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. माणसें दीड तास बसून राहिलीं, ती मजुरी आमच्या अंगावर पडली ती पडलीच. आतां दर ज्येष्ठांत, राबांत पेरणी होण्यापूर्वीं, तो बोल्ट आम्ही उघडून घांसतों.