त्रास झाला नाही, म्हणजे धोका नव्हता?

भोसरीतली छोटी फॅब्रिकेशनची शेड असो की चाकणचा मोठा वाहन कारखाना, वेल्डिंगबद्दलच्या काही समजुती जुन्या वेल्डरकडून हेल्परकडे आणि पुढे त्याच्या हेल्परकडे जात राहतात. बहुतेकींच्या मुळाशी एकच हिशेब असतो: आजवर काही झालं नाही, मग आता काय होणार? पण वेल्डिंगचे बरेच धोके उशिरा कळतात आणि काही तर जाणवतच नाहीत.

गैरसमज: एक टॅकच मारायचाय, डोळे मिटले की झालं.

वस्तुस्थिती: आर्क पेटते त्या क्षणी डोळे बहुधा उघडेच असतात. जॉब धरून बसलेला हेल्पर तर थेट तिकडेच बघत असतो. आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो, पण पहिले काही तास काहीच कळत नाही. मग रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बहुतेकदा एक-दोन दिवसांत आराम पडतो, पण कच्चं दूध डोळ्यात घातलं तर जंतुसंसर्गाची भर पडू शकते. डोळा बधिर करणारे थेंब मनाने टाकत राहिलं तर जखम भरत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनाच दाखवावं. साधा काळा गॉगल इथे कामाचा नाही. रॉडच्या वेल्डिंगला करंटनुसार साधारण 10 ते 13 नंबरची काच लागते, वेल्डरला आणि हेल्परलाही.

गैरसमज: दूध प्यायलं, गूळ खाल्ला की धूर बाधत नाही.

वस्तुस्थिती: दूध आणि गूळ पोटात जातात, धूर फुप्फुसात. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, म्हणून तोंडाला बांधलेला रुमालही त्यांना अडवत नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं. तो दोन दिवसांत उतरतो, म्हणून साधा ताप समजून विसरला जातो. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचं घातक रूप असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत टाकला. उपाय म्हणजे धूर निघतो तिथूनच ओढून घेणारा एक्झॉस्ट, आधी जस्ताचा थर काढणं आणि तोंडावर घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क.

गैरसमज: पिंप रिकामं आहे, कापायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: तेल किंवा थिनर काढून घेतलं तरी तळाशी आणि सांध्यांत थोडं उरतंच. त्याची वाफ आतल्या हवेत मिसळते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या पिंपात वाफेला आणि हवेला जागाच कमी असते, म्हणून रिकामं पिंप जास्त घातक ठरू शकतं. ज्वलनशील पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय अशा टाकीवर वेल्डिंग, कटिंग करू नये, हे 1948 च्या कारखाने अधिनियमातच कलम 37 मध्ये लिहिलं होतं. नुसतं पाण्याने विसळणं म्हणजे साफ करणं नव्हे.

गैरसमज: वेल्डिंग मशीनचा व्होल्टेज कमी, त्याने जीव जात नाही.

वस्तुस्थिती: आर्क पेटण्याआधी होल्डरवर साधारण 50 ते 100 व्होल्ट असतात. कोरड्या अंगाला हा झटका निभावतोही. घामाने भिजलेला माणूस लोखंडी टाकीत बसून रॉड बदलत असेल, तर तेवढ्याच व्होल्टेजचा झटका हृदय बंद पाडू शकतो. कोरडे चामडी हातमोजे, अंगाखाली रबरी मॅट किंवा कोरडी फळी आणि तडा न गेलेला होल्डर हवाच.

गैरसमज: टाकीत कोंदटलंय, थोडा ऑक्सिजन सोडू.

वस्तुस्थिती: ऑक्सिजन वाढला की कपडे, केस, ग्रीस, सगळं भडाभडा पेटतं. उलट, हवेपेक्षा जड आणि वास नसलेला आर्गॉन टाकीच्या तळाशी साचला तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. आत ब्लोअरने ताजी हवाच सोडायची, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली नाही हे मीटरने पाहायचं आणि बाहेर एक माणूस सतत उभा ठेवायचा. आतला पडला तर बाहेरच्याने मागोमाग उडी घ्यायची नाही, मदत बोलवायची.

गैरसमज: काळजी घेणं वेल्डरच्याच हातात असतं.

वस्तुस्थिती: काच खाली ओढणं वेल्डरच्या हातात आहे. एक्झॉस्ट बसवणं, गॅस मीटर आणणं, परमिटशिवाय टाकीत कुणाला उतरू न देणं, काम संपल्यावर दबलेल्या ठिणग्यांवर तासभर नजर ठेवायला माणूस देणं, हे मालक आणि ठेकेदाराचं काम आहे. ते झालेलं नसेल तर चांगलं हेल्मेट घालूनही वेल्डर धोक्यातच काम करतो.